एक खोली कमी

१४ सप्टेंबर
सोल शहर सुटलं एकदाचं! ट्रकमधून सगळ्यांत आधी उतरले सासूबाईंचे सोयाबीनच्या आंबवणाचे रांजण आणि त्यांच्यापाठोपाठ खुद्द सासूबाई. ड्रायव्हरवर भरवसा नाही म्हणून साऱ्या वाटेत त्या रांजणांना टेकून बसल्या होत्या. घर बांधून होईपर्यंत गावातच भाड्यानं राहायचं. आमची जागा वर उतारावर आहे, पर्सिमनच्या, त्या केशरी फळांच्या, झाडांखाली. खोल्या तीन: सासूबाईंची, ताक-सूची आणि माझी. तीस वर्षं या नवऱ्याचं घोरणं ऐकलं, आता मध्ये भिंत हवी, असं मी म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, जाड बांधा, याचा बापही असाच घोरायचा.

१९ सप्टेंबर
बांधकामावर मॅनेजर नेमला. आम्हा दोघांना सिमेंटमधलं काही कळत नाही, आणि ताक-सू तर कुणीही गोड बोललं की मान डोलावतो. तिघं जण भेटायला आले. पहिला स्वतःचंच कौतुक सांगत बसला, दुसरा सारखा फोनवर. तिसरे प्यो. गावच्या सरपंचबाईंनी त्यांचं नाव सुचवलं होतं. वळणावरचं ते मोठं घर त्यांनीच उभं केलंय. सडपातळ माणूस, बुटांवर चिखलाचा ठिपका नाही. पैशांचं काही न विचारता त्यांनी आमच्याबद्दल विचारलं. पहाटे आधी कोण उठतं, थंडी कुणाला सोसत नाही, कुणाचं कुणावाचून अडतं. सासूबाई खूश. मला म्हणाल्या, "हा माणूस ऐकून घेतो. तुझ्या नवऱ्याला याच्याकडे शिकवणीला धाड."

६ ऑक्टोबर
काम झपाट्यानं चाललंय. भूमिपूजनाला डुकराचं मुंडकं मांडलं, सगळ्यांनी वाकून नमस्कार केले, तांदळाची दारू जमिनीवर शिंपडली. प्योंचा आवाज कधी चढत नाही, तरी मजूर त्यांच्याकडे बघायचं टाळतात. एका सुताराचा माप घेताना हात चुकला. प्योंनी त्याच्याकडून ती तुळई सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा रंधून घेतली, शेवटी तिचा भुगा उरला. मग म्हणाले, आता बरोबर आहे. मला ते आवडलं नाही. ताक-सू म्हणाला, शिस्त हवीच.

१७ ऑक्टोबर
आज प्योंनी मला एकटीला वर बोलावलं. उताराच्या बाजूला कातळ लागलाय, म्हणाले, नकाशातली एक खोली कमी करावी लागेल. कुणाची, ते घरच्यांनी ठरवायचं. प्रत्येकाला वेगळं विचारतोय, म्हणजे भांडण नको.
मी जरा विचार केला. सासूबाईंना बैठकीत उबेला अंथरूण घालता येईल. त्यांचं वयही झालंय. तसं सांगितलं.
प्योंनी पेन्सिलीच्या मागच्या रबरानं त्या खोलीच्या रेघा पुसल्या. हळूहळू, कागदावरची धूळ फुंकत.

१८ ऑक्टोबर
सासूबाई गेल्या.
सकाळी मुळ्याचा पाला वाळत घालायला त्या वर गेल्या होत्या. घराच्या पायाच्या चरात का उतरल्या, कुणाला ठाऊक नाही. वरची माती खचली. आम्ही पोचलो तेव्हा मजूर हातांनी उकरत होते आणि काँक्रीटची गाडी बाजूला इंजिन चालू ठेवून उभी होती. प्यो ताक-सूजवळ आले, झुकले आणि म्हणाले, "जरा लवकर काढा. माल घट्ट होतोय."
ताक-सूनं मान डोलावली.

२४ ऑक्टोबर
दिवसकार्य उरकून आलो. वर गेले. जिथं माती खचली, तिथं कातळ नाही. सगळी भुसभुशीत माती. काठी हातभर आत गेली.
प्योंना विचारलं. ते म्हणाले, कातळ नसला तरी नकाशा आता असाच आहे. मग सहज सांगावं तसं म्हणाले, "तुमच्या यजमानांनीही आईंचीच खोली सांगितली होती. आईंनी मात्र कुणाचीच सांगितली नाही. म्हणाल्या, तिघं एका खोलीत निजू, पूर्वी निजायचो तसे."

२५ ऑक्टोबर
ताक-सूला म्हटलं, या माणसाला काढून टाक, जागा विकू, परत जाऊ. म्हणाला, सोलचं घर विकलं, आता कुठं जायचं? मी आईंच्या खोलीचं विचारलं. त्यानं ताटातून मान वर केली नाही. म्हणाला, "मी खोलीचं सांगितलं होतं. आईचं नाही." मग म्हणाला, "तू काय सांगितलंस?"
मी भात वाढला.

२ नोव्हेंबर
वळणावरच्या मोठ्या घरी गेले. तिथं एक म्हातारा एकटा राहतो. पायरीवर एकच चपलांचा जोड. बसा म्हणाला नाही. मी प्योंचं नाव घेतलं तसा दाराची कड धरून उभा राहिला. त्याच्या घरात पाच खोल्या व्हायच्या होत्या, म्हणाला. बायकोची, दोन मुलांच्या दोन, बहिणीची आणि त्याची.
मी विचारलं, मग तुम्ही कसे वाचलात?
"मी दर वेळी आधी उत्तर दिलं," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

५ नोव्हेंबर
प्योंचा निरोप — छताचा भार जास्त होतोय. आणखी एक खोली. उद्या सकाळी एकेकानं यावं.
ताक-सूनं निरोप ऐकला. रात्री जेवताना माशाचा मऊ तुकडा माझ्या वाटीत ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा.
मला रडू आलं. तरी उद्या काय सांगायचं ते माझं ठरलंय.

६ नोव्हेंबर
उजाडताच निघाले. अंथरुणात ताक-सू नव्हता. मला वाटलं, मोरीत असेल, तोवर मी आधी पोचेन — मी धावले. धापा टाकत वर पोचले तर तो समोरून उतरत होता. बूट चिखलानं भरलेले. माझ्याकडे बघितलं नाही. वाट अरुंद, आमचे खांदे घासले.
प्यो कागद फुंकत होते.
मी म्हटलं, त्याची. त्याची खोली. ओरडून म्हटलं.
ते म्हणाले, "बाई, उत्तर मिळालंय."

त्याच दिवशी
भाड्याच्या घरात, दाराला आतून कडी घातलीय. ताक-सू ओसरीवर बसून पर्सिमन सोलतोय, वाळवायला. सुरी थांबत नाही. मी आतून विचारलं, का रे? — तो म्हणाला, तूही तेच सांगायला निघाली होतीस ना.

फटीतून दिसतंय, पाऊलवाटेवर कुणीतरी — बूट स्वच्छ आहेत. ताक-सू उठला. बाहेरून म्हणतोय, अगं, कडी काढ, प्योसाहेब आलेत, फक्त जमीन दाखवायची म्हणतात, काँक्रीटची गाडी थांबलीय —

मी काढणार नाही. मागच्या खिडकीतून — भिंत, रबरानं पुसल्यासारखी कोरी — इथं तर खिडकी होती, कालपर्यंत इथं