श्राद्धानंतरचं कुंकू

अहो महाराज,

तुमचं चरित्र लिवायला मठातली माणसं सणसरला आल्ती. बंगला, चाळीस एकर ऊस, कारखान्याचं संचालकपद, जे जे तुमी सोडलं ते समदं मी सांगितलं. माझं मातर सांगितलं न्हाय.

अकरा वर्सांमागं संन्यास घेताना तुमी सोताचं श्राद्ध घातलं, तवापासनं हळदीकुंकवाला मला कुणी बोलवंना. नवरा जिता आन् मी विधवा!

परवा संक्रांतीला तुमच्या आईंनी भर बायकांत माझ्या कपाळाला कुंकू लावलं. म्हणाल्या, "त्यानं सोताचं श्राद्ध घातलंय, तुझं न्हाय."

हे पत्र मठात धाडणार न्हाय, वाणाच्या डब्यात ठेवीन. तुमच्यावरचा रागबी निवलाय. तुमी सुटला अकरा वर्सांमागं. मी परवा सुटले.

कपाळभर कुंकवाची,
राजलक्ष्मी