लोहारांच्या अंगणात हत्तीची शिकार

अबेओकुटा,
रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप आजोकेताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. हा ‘साष्टांग’ पत्राची रीत म्हणून लिहिलेला नाही. पेन उचलण्याआधी मी खरोखरच तुझ्या इबादानकडे डोकं करून बैठकीत पालथा पडलो होतो. (दिशा चुकली असेल तर माफ कर, मी इतिहासाचा मास्तर, भूगोलाचा नव्हे.) पडणं सोपं गेलं, उठताना कंबर धरली. मोरोलाकेने मला कपाटाच्या आधाराने उभं केलं आणि काही न विचारता चटई झाडून घेतली. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली की बायको विचारायचं सोडून देते. तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी जेवणानंतरच घेतेस ना? आम्ही सगळे ठीक. यंदाचे कंद मोठे निघाले, पण शिजायला फार वेळ घेतात, अगदी आपल्या मामांसारखे.

चार वर्षांनी पत्र पाहून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. कारण सांगतो. आपल्या एनिओलाचं लग्न ठरलं, पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी. पोरगी इंजिनीयर आहे, स्वतःची गाडी चालवते, तेव्हा मला वाटलं तिला आंदणात काहीतरी विजेचं हवं असेल. तर ती माझ्यासमोर गुडघे टेकून म्हणाली, “आजोबा, फ्रिज त्यांच्याकडे आहे. मला घरातून निघताना आपली ओरिकी ऐकायची आहे. मी कुणाची आहे ते ऐकून मग उंबरा ओलांडीन.” मी मान डोलावली. ताई, नात समोर बसलेली, आणि मला त्या ओरिकीची, आपल्या घराण्याच्या स्तुतीची, पहिली ओळसुद्धा येत नव्हती. चाळीस वर्षं मी पोरांकडून इंग्लंडच्या राजांची यादी घोकून घेतली. कोणता राजा कशाने मेला, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. आपले पणजोबा कशाने मेले कोण जाणे. मला फार लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मग मी अभ्यासाला लागलो. कोणाला विचारावं? मोरोलाके म्हणाली, मी काही मदत करू का? मी म्हटलं, हे संशोधनाचं काम आहे, तू सूप बघ. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) मी गेलो थेट आसाबीआत्याकडे. बाबांची चुलतबहीण, नव्वदीला टेकलेली, लोहारांच्या आपल्या घरात जन्मलेली. याहून खात्रीचा पुरावा कुठला?

आत्याने माझी वही पाहिली, हातातून घेतली आणि तिच्यावर बसली. मग माझ्यापुढे सुपात घालायच्या एगुसीच्या बियांचं टोपलं सरकवलं. ती म्हणे, बिया सोलता सोलताच तिला ओळी सुचतात, रिकाम्या हातांनी नाही. तीन आठवडे रोज सकाळी मी, माजी मुख्याध्यापक, पाटावर बसून बिया सोलत होतो. ओळ चुकली की टोपलं वाढायचं. शेजारणी कुंपणावरून बघायच्या आणि आपल्या नवऱ्यांना दाखवायच्या. पण काय सांगू ताई, त्या ओळी घशातून निघायला लागल्या तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी कुणाचातरी आहे. ‘हत्तीच्या पायखुणेत पाणी पिणाऱ्यांची लेकरं, अंधाऱ्या रानाला नावाने हाक मारणारे!’ घरी येताना मी छाती काढून चालायचो, आणि भाजीवालीने वाट दिली नाही तर मला आश्चर्य वाटायचं.

आता तू म्हणशील, लोहारांच्या घरात हत्ती कुठून आला? शंका मलाही आली होती. पण शिकलेल्या माणसाला शंका आली की तो तिचं निरसनही स्वतःच करतो. मी चार पानी टिपण लिहून सिद्ध केलं की आपले पूर्वज लोहार होण्याआधी शिकारी होते. भाले स्वतःच बनवायला लागले, त्यातून भाता आला. टिपणाच्या प्रती काढून मी भावकीत वाटल्या.

गेल्या शनिवारी लग्नाच्या तयारीसाठी सगळी भावकी आपल्या अंगणात जमली. मी उभा राहिलो आणि डोळे मिटून सुरू केलं. सगळं म्हटलं, एक ओळ गाळली नाही. डोळे उघडले तर साठ माणसं एकमेकांकडे बघत होती. आपले थोरले काका (ज्यांनी आयुष्यात उंदीरही मारला नाही) टोपी काढून आत बघत होते. आणि लाउडस्पीकर जोडायला आलेला तो परका माणूस, फागबेमी, वायर टाकून पुढे आला, माझ्या पायांशी पालथा पडला आणि रडायला लागला. “गुरुजी, आजी गेल्यापासून हे कानावर पडलं नव्हतं. आमची स्तुती तुम्हाला कुणी शिकवली?”

त्यांची! आसाबीआत्या सोळाव्या वर्षी नदीपलीकडच्या शिकाऱ्यांच्या घरात लग्न होऊन गेली. सून ज्या घरात जाते त्या घराची स्तुती शिकते आणि जन्मभर म्हणते, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. मी काही पोर नव्हतो, म्हणून विसरलो. जाब विचारायला गेलो तर आत्या म्हणाली, “तू स्तुती शिकव म्हणालास. कुणाची ते कुठे म्हणालास?” आणि टोपलं पुढे केलं.

फागबेमी आता रोज दुपारी येतो आणि खुर्चीत डोळे मिटून बसतो. मी म्हणतो, तो ऐकतो. इतक्या मनापासून माझा तास कुणी कधी ऐकला नव्हता. पण एनिओला मात्र अजून वाट बघते आहे.

मुलांना आशीर्वाद सांग.

तुझा भाऊ,
जोसाया (निवृत्त मुख्याध्यापक)

ता. क. खरं काम हे. आई म्हणायची ती आपल्या घराची स्तुती तुला येते. तिच्या अंत्यविधीला तू म्हणायला लागलीस, तेव्हा मीच तुझा हात धरून तुला खाली बसवलं, कारण पहिल्या रांगेत लागोसचे सुटाबुटातले पाहुणे बसले होते आणि मला तुझी लाज वाटली. ते पाहुणे कोण होते हे आज आठवतही नाही. चूक माझी होती. एनिओलासाठी ये आणि म्हण.

ता. क. दुसरा. पाकिटाला डिंक लावायच्या आधी मोरोलाकेने पत्र वाचलं, आणि हसता हसता तिला खाली बसावं लागलं. तिला सगळी स्तुती येते, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. कंद कुटताना आपल्या आईने शिकवली. नोकरी होती तोवर रोज सकाळी मी शाळेला निघालो की ती मागून तीच म्हणायची. मला वाटायचं, शेजारच्या बकरीबद्दल कुरकुर चाललीय. आत्ता मी तिच्यासमोर खुर्चीत बसून सगळी ऐकली. आपण कोण ते कळलं. फार चांगले लोक होतो गं आपण.

तेव्हा एनिओलाचं काम झालं आहे आणि तुला बोलवायला माझ्याकडे काही निमित्त उरलेलं नाही. तरी ये, ताई. मी जिथे तुला खाली बसवलं होतं, तिथून पुढे म्हण. मी पहिल्या रांगेत बसेन.

तुझा आकान्नी (आई मला याच लाडक्या नावाने हाक मारायची)