मार्गशीर्षातलं हरीण

गुरुवार, ३० नोव्हेंबर २००६
नेपरव्हिल

मिळालं! शिकारीचे तीन सीझन रिकाम्या हातानं परत आल्यावर आज हरीण मिळालं. सरकारी जंगल, जिकडे बघावं तिकडे केशरी टोपीवाले शिकारी. सगळे पहाटे आत खोलवर चालत जातात. मी या वेळी पार्किंग लॉटच्या मागच्या झुडपातच बसून राहिलो. आतल्या गर्दीला बुजून हरणं इकडेच सरकणार, असा अंदाज होता. तसंच झालं. एका गोळीत पडलं.

आनंदानं बायकोला, वैशालीला, फोन केला. म्हणाली, "अरे, मार्गशीर्षातला गुरुवार आहे! घट मांडलाय, संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येणारेत. ते घरी आणू नकोस. गराजमध्येसुद्धा नाही."

मग काय, पार्किंगमधल्या शेजारच्या पिकअपवाल्याला देऊन टाकलं. तो दोनदा विचारत होता, "शुअर?" डोंबलाचं शुअर.

घरी येऊन आंघोळ केली, तरी उजव्या अंगठ्याच्या नखात रक्त राहिलंच. हॉलमध्ये बायका जमलेल्या. एका काकूंनी विचारलं, "काय रे, मिळालं का काही?" मी तोंड उघडायच्या आत वैशालीच म्हणाली, "ह्याला कुठलं मिळतंय, काकू! नुसता थंडीत बसून येतो." सगळ्या हसल्या. मीही हसलो. का हसलो मी?

नख दिसू नये म्हणून प्रसादाला डावा हात पुढे केला. "उजवा कर रे, एवढंही कळत नाही?" वैशाली, सगळ्यांसमोर. केला उजवा. तिला नख दिसलं. प्रसाद वरून टाकला, हाताला हात लागू न देता.