ब्रेक ठीक होते, आत्या

प्रिय नलूआत्या,

आज सकाळी आईने तुझं कडं माझ्यासमोर आणून ठेवलं. तेच, तांब्याचं, आत दोन चुंबक बसवलेलं. चिंचेने घासून लख्ख केलेलं. म्हणाली, "घाल हातात. निदान आजचा दिवस तरी." ते कडं ताटाशेजारी तसंच ठेवून मी तुला लिहायला बसले आहे.

दुपारी केदारचे आईबाबा पुण्याहून बंगळुराला येताहेत. केदार म्हणजे माझं ज्याच्याशी ठरत आलंय तो. महादेवपुऱ्यात माझ्याच कंपनीत आहे, पण सध्या कामासाठी बाहेरगावी. त्याच्या आईबाबांना यशवंतपूर स्टेशनवरून घरी आणायला मी माझी गाडी घेऊन येईन, असं तुझ्या भावाने, अण्णांनी, परस्पर कबूल करून टाकलंय. आणि मी गाडी चालवू शकत नाही, आत्या. मलाही येतात.

हे एवढं वाक्य मी घरात अजून मोठ्याने म्हटलेलं नाही. तुला लिहिताना सुद्धा हात थांबला बघ!

तुझ्यासारख्या नाहीत माझ्या. तू पडायचीस, हातपाय ताठ व्हायचे. मला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, कुणीतरी मागे उभं आहे अशी भीती वाटते आणि मग मधला एक तुकडा नाहीसाच होतो. पहिल्यांदा ऑफिसात झालं तेव्हा वाटलं, झोप अपुरी झाली असेल. दुसऱ्यांदा मी गाडी चालवत होते.

हेब्बाळचा पूल चढल्याचं मला आठवतं. उतरल्याचं आठवत नाही.

शेजारी निकिता बसली होती, माझी नागपूरची मैत्रीण. मागे श्रुती फोनवर बोलत होती. मला पहिल्यांदा ऐकू आलं ते निकिताचं हसणं. "काय गं, भूक लागली का? केव्हाची ओठ चाटतेयस! आणि मागचा गाडीवाला शिव्या घालतोय तुला, जरा बाजूला घे की." माझ्या खिडकीला लागून एका लॉरीचं चाक फिरत होतं. इतकं जवळ की त्यावरचा चिखल दिसत होता. मी कुठल्या रस्त्यावर आहे, कुठे चाललेय, हेच मला काही वेळ कळेना. तरी स्टिअरिंग माझ्याच हातात होतं आणि पायही कुठल्यातरी पेडलवर होता. कुठल्या, ते देवाला ठाऊक.

पोटात कळ आली असं सांगून मी गाडी कडेला लावली. त्या दोघी रिक्षाने पुढे गेल्या. निकिता जाताना म्हणाली, "उद्या पण तूच ने हं, तुझ्या गाडीत मस्त झोप लागते!" त्या दिवसापासून गाडी आपल्या गल्लीत कव्हर घालून उभी आहे.

आत्या, तूच मला सगळं शिकवलंस ना? शाळेत कन्नड आणि इंग्रजी, म्हणून मराठी अक्षरं तू घरी घोटून घेतलीस. ती सुद्धा कशावरून? तू ज्यांच्या वस्तू घरोघरी विकायचीस, त्या कंपनीच्या माहितीपत्रकांवरून! मी वाचलेला पहिला जोडाक्षरी शब्द 'स्वास्थ्य'. दुसरा 'रक्ताभिसरण'. बाकीच्या मुली बडबडगीतं म्हणायच्या आणि मी पाहुण्यांना तांब्याच्या बाटलीचे फायदे म्हणून दाखवायचे. तू हसून हसून डोळे पुसायचीस. "बघा, माझी असिस्टंट! स्वल्प ट्रेनिंग द्यायचंय अजून."

आणि दुसरं शिक्षण? तेही याच घरात झालं. तू मध्येच थांबून विचारायचीस, "हिंग करपतोय का गं कुठे?" गॅसवर काहीच नसायचं. मग आई तुझ्या हातातला कप काढून घ्यायची, अण्णा गल्लीकडची खिडकी लावायचे, आणि मी उशी आणायची. तुझ्या घशातून येणारा तो आवाज ऐकून शेजारच्या जयम्मा अक्का दारावर थाप मारायच्या, "एनायतु?" काय झालं म्हणून. दार किलकिलं करून त्यांना सांगायचं काम माझं होतं: काही नाही अक्का, आत्या झोपलीय. मी इतकं सफाईने सांगायचे! खोटं बोलू नये, असं पाटीवर लिहून घेणारी तूच आणि दारात मला उभी करणारेही आपणच सगळे.

त्याला घरात चक्कर म्हणायचे. तुझं लग्न धारवाडला झालं आणि महिन्याभरात तुला परत आणून सोडलं, त्यालाही आपण 'सासू खाष्ट होती' म्हणायचो. ती खाष्ट होतीही कदाचित. पण तिला आधी काहीच सांगितलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

परत आल्यावर तू जे उभं केलंस, त्याचं मला अजून कौतुक वाटतं. स्कूटरच्या पुढच्या हुकाला एक पिशवी, मागे एक बांधलेली. चिकपेटच्या साडीवाल्यांपासून पीण्या भागातल्या कारखान्यांच्या कँटीनपर्यंत तुझं गिऱ्हाईक. कुणाला पाठीची उशी, कुणाला सुगंधी तेल, कुणाला चुंबकाचं कडं. "शांतम्मा, हे घेऊ नका, तुम्हाला नाही उपयोग," असंही तू सांगायचीस, म्हणून तर लोक तुझं ऐकायचे.

राजाजीनगरच्या त्या हॉलमध्ये, कंपनीच्या महिन्याच्या सभेत, मी तिसऱ्या रांगेत बसले होते. कंपनीच्या साहेबांनी तुझ्या हातात माइक दिला. "ताई, तुमचा अनुभव सांगा." तू पदर सारखा केलास. म्हणालीस, "मला पूर्वी चक्कर यायची. हे कडं घातल्यापासून एकदा सुद्धा नाही. गोळ्या मी फेकून दिल्या." केवढ्या टाळ्या पडल्या! घरी येताना मी विचारलं, "आत्या, खरंच फेकल्यास?" तू म्हणालीस, "खुळी का तू? बोलायचं असतं तसं."

मग पुढे काय झालं गं? दर महिन्याला तेच बोलायचं, दर महिन्याला त्याच टाळ्या. आपलंच बोलणं तुला हळूहळू पटत गेलं का? तुझ्या तेराव्यानंतर आईने कपाट आवरलं, तेव्हा साड्यांखाली गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. एकही गोळी न फोडलेल्या. आईने त्या कागदात गुंडाळल्या आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अण्णांना नको दाखवू."

भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर, उभ्या टेम्पोवर तू सरळ गेलीस. वळली नाहीस, हळू झाली नाहीस. हॉर्न सुद्धा नाही. अण्णांनी आल्यागेल्याला सांगितलं, ब्रेक फेल झाले. सगळे चुकचुकले, जुन्या गाडीचं असंच असतं म्हणाले. आणि काही दिवसांनी अण्णा पोलीस ठाण्यात जाऊन तुझी स्कूटर घेऊन आले. चालवत घेऊन आले, आत्या! मडगार्ड चेपलेलं, आरसा गेलेला, तशीच. मी दारात उभी होते. पीण्याच्या कारखान्यात लेथवर जन्म गेलेला माणूस, लोखंडातली केसाएवढी चूक बोटाने ओळखणारा. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला आणि स्कूटर जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही काही विचारलं नाही. आपल्या घरात दोष माणसात नसतोच. तो गाडीत असतो, सासूत असतो, हवेत असतो.

म्हणून मला भीती वाटते. आजाराची वाटते त्याहून जास्त, या घराला त्याची जी सवय झालीय तिची.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत. तपासण्या केल्या, मेंदूची चित्रं बघितली. म्हणाल्या, "ही चक्कर नाही. ही आकडीच आहे, फक्त न पडणारी. गोळ्या वेळेवर घेतल्या तर पुष्कळ जणांचं आयुष्य अगदी नीट चालतं. लग्न, नोकरी, सगळं. पण मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला होतं?"

अण्णा शेजारच्या खुर्चीवर होते. मान वर न करता म्हणाले, "नाही."

मी म्हटलं, "माझ्या आत्याला होतं."

परत येताना मेट्रोत अण्णा उभेच राहिले, जागा असून. घराच्या पायरीवर म्हणाले, "गेलेल्या माणसाला कशाला मध्ये आणायचं?" मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तिला बाहेर ठेवलं म्हणून तर ती गेली. नाही सांगितलं. तू शिकवलेली मुलगी मी, दार किलकिलंच उघडते.

काल केदारला मात्र फोन करून सगळं सांगितलं. अगदी पुलासकट. तो शिकलेला आहे, समंजस आहे, म्हणून मला वाटलं होतं, आता सुटले.

"अगं, मग गोळ्या चालू आहेत ना? झालं तर!" तो म्हणाला. "पण आईला आत्ता नको ना सांगूस. साखरपुडा होऊ दे. ती सगळ्या सोसायटीला सांगून बसलीय, सून बंगळुरात गाडी चालवते म्हणून."

"केदार, उद्या मला गाडी चालवता येणार नाही."

"स्टेशन ते तुझं घर, दहा मिनिटं गं. रविवारचा रस्ता मोकळा असतो."

आत्या, तुझाही मोकळाच होता.

"मागच्या सीटवर तुझे आईबाबा असतील," मी म्हटलं.

मग म्हणाला, "तू ना, फार विचार करतेस." आणि जरा वेळाने त्याने एक लिंक पाठवली. मनगटावर बांधायचा पट्टा, घड्याळासारखा. खाली लिहिलं होतं: 'हे बघ, येणार असेल तर आधीच सांगतं म्हणे. रिव्ह्यू भारी आहेत. काळा मागवू की गुलाबी?'

मी त्या पट्ट्याची सगळी माहिती वाचली. तुला माहितीय, मी वाचल्याशिवाय राहत नाही. अगदी शेवटी बारीक अक्षरात होतं, की यावर विसंबून वाहन चालवू नये. वरच्या फोटोत एक बाई तो पट्टा बांधून गाडी चालवत होती. हसत होती. मला तू दिसलीस, हॉलमधली, पदर सारखा करणारी.

आज सकाळी मग अण्णांना म्हटलं, मी गाडी नेणार नाही.

"मी शब्द दिलाय त्यांना."

"आता चालवत नाही, असं सांगा."

"कारण विचारतील."

"मग कारण सांगा, अण्णा."

"तुला काय, आत्यासारखं जन्मभर याच घरात बसायचंय?"

आई चपाती लाटता लाटता थांबली. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल एवढं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. त्यांनाही ते कळलं असावं. ते उठले आणि त्यांनी गल्लीकडची खिडकी लावली. कुणी पडलं नव्हतं, कुठला आवाज नव्हता. तरी लावली. आणि मग खोलीत जे अंधारून आलं ना, त्यात मला क्षणभर वाटलं, आपण तिघंही एखादी आकडी येण्याची वाट बघतोय.

मग आईने मध्यम मार्ग काढला. प्रेमानेच काढला, तिला दोष देत नाही. "सरी, बरं, वाद नको. गाडी बिघडली म्हणू. बॅटरी उतरली म्हणू. रिक्षाने आणू त्यांना. पुढचं पुढे." आणि तुझं कडं आणून ठेवलं.

किती सोपं आहे बघ! आज बॅटरी. साखरपुड्याला आणखी काही. लग्नानंतर गोळ्या कुठे ठेवायच्या? साड्यांखाली? आणि एखाद्या सकाळी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असेल, घरात दुसरं कुणी नसेल, आणि मला सगळे म्हणतील, दहाच मिनिटं गं. तेव्हा मी कोणता पूल चढत असेन? मागे कोण बसलं असेल? एखादं लहान मूलही असेल, आत्या. तू एकटी होतीस, टेम्पोही रिकामा होता, एवढ्यावर निभावलं. ते आठवून मी देवाचे आभार मानते आणि मग मला माझीच भीती वाटते.

तुझ्यावर रागावू का मी? रागावलेच आहे. तू मला वेलांटी, उकार, मात्रा शिकवल्यास. बाईने आपल्या पायावर कसं उभं राहावं ते शिकवलंस. पण कधीतरी मला जवळ बसवून एवढंच का नाही म्हणालीस, की रेवती, मला फिट येतात? मला ते ऐकायची किती सवय झाली असती! आज तो शब्द मला कुणाच्या तरी तोंडून शिकून घ्यावासा वाटतोय आणि घरात शिकवायला कुणी नाही.

आता मी निघते. गाडीची किल्ली मी अण्णांच्या टेबलावर ठेवली आहे. कडं आईला परत दिलंय. ती ते नुसतं हातात धरून बसलीय. मी मेट्रोने यशवंतपूरला जाईन आणि तिथून रिक्षा करेन.

पुढे काय होईल ते मला दिसतंय. काकू, म्हणजे केदारची आई, फलाटावर इकडे तिकडे बघतील. मिठी मारतील, खूप बोलतील. रिक्षा बघून त्यांचा चेहरा जरा उतरेल. मी सांगितल्यावर कदाचित संध्याकाळच्याच गाडीने परत जातील. केदार फोन उचलणार नाही. अण्णा माझ्याशी किती दिवस बोलणार नाहीत, कोण जाणे. हे सगळं होईल असं धरूनच चाललेय. माझे हात आत्तापासून थंड पडलेत आणि ही कसली थंडी, नुसती भीतीची की त्या दुसऱ्या गोष्टीची, हेही मला आता खात्रीने सांगता येत नाही.

पण तुला वचन देते. डॉक्टरबाई हो म्हणेपर्यंत मी स्टिअरिंगला हात लावणार नाही, कुणासाठी नाही, दहा मिनिटांसाठी नाही. गोळी एकही चुकवणार नाही. आणि काकू जेव्हा विचारतील, "काय गं, गाडी बिघडली का?" तेव्हा मी नाही म्हणेन. गाडी चांगली आहे म्हणेन. आणि त्यांनी पुढचं काही विचारायच्या आत तुझं नाव घेईन.

तुझी,
रेवती