उष्ट्याची बादली

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला फोटो बघावा लागतो. बोलणं आठवावं लागत नाही, ते कानातच बसलंय.

सुनेचं सांगायचंय. तू तिला पाहिली नाहीस. पुण्याची आहे, लग्न होऊन इकडं तेलुगू मुलखात आली, कुकटपल्लीला कंपनीत नोकरी करते, पदरी दोन पोरं. पहाटे पाचला उठून चार डबे भरते, मलकपेठेतून मेट्रोनं जाते, संध्याकाळी आली की पर्स खांद्यावर असतानाच धाकट्याचा अभ्यास घेते. मी सुनांची तारीफ करणाऱ्यातली नाही, पण ही बाई टेकलेली मी बघितली नाही. तरी अंग वाढतच चाललं. डॉक्टरनं सांगितलं, साखर उंबऱ्याशी आलीय, तीन महिन्यांत वजन उतरवा, नाहीतर जन्माच्या गोळ्या. तिच्या आईचे डोळे साखरेनंच गेले. त्या दिवशी घरी येऊन ती भेंडी चिरत राहिली, बोट कापेपर्यंत.

लेकानं जिमचं नाव काढलं. ती म्हणाली, कधी जाऊ तेवढं सांग. मग तिनं भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, पोरांवर खेकसायला लागली, पण काटा काही हलेना. एका संध्याकाळी पोरं जेवून उठली आणि ही ओट्याशी उभी राहून त्यांची ताटं निपटताना मला दिसली. अर्धी पोळी, वरणभाताचे चार घास, थोरल्यानं बाजूला सारलेला बटाटा. बसून जेवली नव्हती, म्हणून तिच्या लेखी ते जेवणच नव्हतं. आणि हे शिकवलं कुणी? मीच. नवी नवरी असताना तिनं वाटीभर भात टाकला, तर मी आठ दिवस तोंड चालवलं होतं. पुढं सगळ्या गल्लीत मिरवत होते की माझी सून शीतसुद्धा वाया घालवत नाही.

तेव्हा तू रांधायचीस ते वसतिगृहाचं स्वयंपाकघर डोळ्यापुढं आलं. मुलं ओळीनं बसलीत, तू एकेकाला अर्धाच डाव वाढतेस आणि म्हणतेस, हे संपव, मग माग. लोक तुला चिक्कू म्हणायचे, पण तुझ्या पंगतीत एका पोराचं ताट उष्टं राहत नव्हतं. मी लेकाला घेऊन तुला भेटायला आलेय. त्यानं टाकलेली खिचडी मी उभ्या उभ्या तोंडात कोंबतेय. तू डाव खाली ठेवलास आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "तुझं पोट म्हणजे पोराच्या उष्ट्याची बादली आहे का गं?" मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. आता कळतं, अन्न वाया जाऊ नये हे तू वाढताना बघायचीस, मी ताटं उचलताना बघत आले.

तेच वाक्य मी सुनेला ऐकवलं. तिचा हात तोंडाशी थांबला. वाटलं, आता रडते.

"मग टाकू का, आई? तुम्हीच तर..."

"टाकू नक्को. झाकून ठेव. ज्याचं त्याला, भूक लागली की."

दुसऱ्या दिवसापासून वाढायचं काम मी घेतलं. आधी पाव पोळी, मागितली तर पुढची. थोरल्यानं चार दिवस आजी कंजूष म्हणून गाणं लावलं, मग खायला लागला. ती आता पोरांबरोबर आपलं ताट घेऊन बसते. ऑफिसचे फोन गच्चीवर येरझाऱ्या घालत ऐकते, मेट्रोचा सरकता जिना तिनं सोडलाय. वेळ तिला कुणी दिला नाही, होता त्यातूनच तिनं तो ओरबाडून काढला. एवढा हट्ट तुझ्यानंतर मी तिच्यातच बघितला.

परवा रिपोर्ट आला. साखर मागं सरकली, गोळ्या नाहीत. कागद माझ्यापुढं धरून म्हणाली, "आई, तुमच्या त्या एका वाक्यानं झालं." झालं ते तिच्या पायांनी, हे मी तिला सांगितलं. वाक्य कुणाचं, ते सांगितलं नाही.

हे पत्र आबिड्सच्या पोस्टात टाकून जाणार कुठं? लेक नि नातू इथल्या शाळांत शिकलेले, घरात माझ्याशिवाय मराठी धड वाचणारी ती एकटीच, म्हणून तिच्यापासून लुगड्याच्या घडीत दडवून ठेवतेय. सांगीन तिला तुझं नाव. पण थोडे दिवस ते वाक्य माझंच राहू दे.