पापडाच्या डब्यातले तुकडे

अलिबाग, शुक्रवार, संध्याकाळ

आज फिनलंडच्या विद्यापीठाशी व्हिडिओ कॉल झाला. थ्रीडी प्रिंटरवर नायलॉनचा एकसारखाच तुकडा दोन्हीकडे बनवायचा, ताणून तोडायचा आणि ताकद मोजायची, असा आमचा एकत्र प्रकल्प. तिकडच्या बाई हसून म्हणाल्या, "तुमचे आकडे आमच्याशी इतके कसे जुळतात? समुद्राच्या दमट हवेत तुकडे कच्चे निघतील, म्हणून तर तुम्हाला सोबत घेतलं!"

आकडे नोंदवणाऱ्या सानिकाकडे मी बघितलं. मुरुडच्या कोळीवाड्यातली, माझ्या वर्गातली सगळ्यात नेटकी मुलगी. तिने मान खाली घातली.

कॉल संपल्यावर तिने सॅकमधून पापडाचा डबा काढला. आत आम्ही ताणून तोडलेले तुकडे, टाकवले नाहीत म्हणून ठेवलेले. सगळे लवकर मोडलेले.

"मॅडम, आपले आकडे कमीच येत होते. मला वाटलं, आपलंच चुकलं असणार. मग त्यांच्यासारखे करून लिहिले. प्रॅक्टिकलला पुस्तकातल्या उत्तराशी जुळवून लिहितो ना, तसेच."

रागवायला तोंड उघडलं, पण तिचं वाक्यच कानात राहिलं. आपलंच चुकलं असणार. हे इतकं सहज कसं येतं हिला?

"खरे आकडे पाठवू," मी म्हटलं. "त्यांना तेच हवेत."

चेहरा खुलला तिचा. निघाली, आणि दारातून परत वळली. "आणि आपल्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कुठले लिहायचे?"

विषय बदलला मी. ती गेली. डबा इथे टेबलावरच राहिलाय.

त्या परीक्षेचे मार्क मीच देते. जुळलेल्या उत्तराला.