बाजूची सीट

१७ ऑक्टोबर
शुक्रवार, दुपार

ताई,

नमस्कार. आधी खुशाली विचारायची असते, म्हणून विचारते. कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? ती भुरी मांजर अजून तुझ्याच दारात बाळंत होते का? इकडे सगळं ठीक. हवा गार व्हायला लागली आहे, त्यामुळे पडद्यांच्या ऑर्डरी वाढल्यात. थंडी आली की लोकांना आपल्या घराला खिडक्या आहेत हे आठवतं. शिवणखात्यात आता मीच सगळ्यांत जुनी. नव्या मुली तोंडावर 'मॅडम' म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते विचारू नकोस.

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. कागद सरकतोय.

तीन वर्षांनी माझं पत्र बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. कुणी गेलं-बिलं नाही, बस निवांत. मला गाडी घ्यायची आहे, एवढंच कारण. आणि मधली ही तीन वर्षं सोडली, तर तुला विचारल्याशिवाय मी साधी उशीसुद्धा कधी घेतली नाही.

जुनी गाडी गेली. तिला जरा लागलं. विम्याचा माणूस आला, तिच्याभोवती एक चक्कर मारली, 'च्च' केलं आणि म्हणाला, "बाई, टोटल लॉस." म्हणजे दुरुस्त करण्यापेक्षा मोडीत काढलेली परवडली. इतकी वर्षं त्या बिचारीने माझी बडबड ऐकली आणि तिचा निकाल दोन शब्दांत. मी डिकीतली छत्री आणि कात्री काढून घेतली आणि बसने घरी आले.

तर आता नवी. नवी म्हणजे आपल्यापुरती नवी, जुनीच. टायरच्या दुकानामागे जुन्या गाड्या विकणारा एक जण आहे. त्याचे केस, त्याचे बूट, त्याचं बोलणं, सगळंच चकचकीत, म्हणून मी त्याला मनातल्या मनात गुळगुळीत म्हणते. गेल्या गेल्या त्याने विचारलं, "मॅडम, घरात माणसं किती?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"तसं नाही हो. सीटा किती लागतील ते कळावं म्हणून."

मला असा राग आला! पण तो राग नव्हता ताई. मी खरोखर मोजायला लागले होते आणि पहिल्याच बोटाशी थांबले.

मग मी म्हटलं, "मला टप उघडणारी दाखवा."

त्याने माझ्या केसांकडे पाहिलं. केस मी रंगवत नाही हल्ली. "नातवंडांसाठी का?"

"माझ्यासाठी. का, म्हातारीला वारा लागू नये?"

आता तू म्हणशील, हिला वेड लागलंय. साठी जवळ आली आणि हिला उघड्या टपाची गाडी हवी. खात्यातल्या मुलींनीही तोंडावर हात धरून हसून घेतलं. हसू देत. पण ऐक तर खरं.

पहिली दाखवली ती लाल, दोन सीटांची, जमिनीला टेकलेली. आत बसले म्हणजे काय, पडले. बाहेर पडायची वेळ आली तेव्हा गुळगुळीतने मुळा उपटावा तसं मला उपटून काढलं. दुसरीचं टप लोखंडी, बटण दाबलं की कुरकुरत मागे जाऊन बसायचं, पण सीट म्हणजे नुसती फळी. असल्या फळीवर दोन तास बसलं तर कंबर हातात येईल. तो बिचारा इंजिनाचं काय काय सांगत होता. मी म्हटलं, "इंजिन मला कळत नाही. मऊ काय आहे ते बोला."

तिसरी कोपऱ्यात धूळ खात होती. चार सीटा, कापडी टप, रंग उरलेल्या चहासारखा. बघताक्षणी कुणी प्रेमात पडावं अशी मुळीच नाही. पण दार हे एवढं रुंद! सीट उंच, जाड, पाठीला धरून ठेवणारी. मी बसले आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं, सुखाने. टपाची शिवण मी बोट फिरवून पाहिली. एका कोपऱ्यात उसवलेली आहे, ती मी घरी घालीन.

गुळगुळीत म्हणाला, "बसा आता स्टिअरिंगवर, एक चक्कर मारून या."

मी म्हटलं, "चक्कर तुम्ही मारा. मी बाजूच्या सीटवर बसते."

"पण चालवणार कोण?"

"मीच."

"मग?"

मी शाल बाजूला करून त्याला गळ्यात बांधलेला हात दाखवला. हां, ते सांगायचं राहिलं. माझा डावा हात गळ्यात आहे. खांद्याजवळचं हाड मोडलंय. जुळतंय, डॉक्टर म्हणतात छान जुळतंय. म्हणून कागद सरकतो, धरायला दुसरा हात नाही. घाबरू नकोस, आणि लगेच फोन करून ओरडूही नकोस, आधी पुढे वाच.

तर त्याने टप उघडलं आणि आम्ही निघालो. पुढच्या वळणावर रस्ता खणून ठेवलाय, तिथून मी त्याला पुन्हा पुन्हा न्यायला लावलं. मी डोळे मिटून बसले होते. पोटात ढवळतंय का, डोकं गरगरतंय का, ते बघत होते. काही नाही! वारा तोंडावर आला की पोट शांत राहतं. मग त्याला थांबवलं आणि एक पाय ताठ ठेवून उतरून पाहिलं. गुडघा अजिबात न वाकवता. मग तसंच पुन्हा बसून पाहिलं. येतं बसता. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा हात दुखतोय ना? पायाला काय झालं?"

मी म्हटलं, "माझ्या पायाला काही झालेलं नाही."

तू शहाणी आहेस. तुला एव्हाना कळलं असेल.

तुझ्या लेकाने मला सांगितलं. त्याच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. म्हणाला, आई घराबाहेर पडतच नाही. गाडीत बसली की दहा मिनिटांत उलटी, आणि गुडघ्यामुळे आत-बाहेर करणं नको वाटतं. दवाखाना सोडला तर कुठे म्हणून जात नाही. दिवसभर खिडकीशी बसते. ते ऐकून मी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली.

भावोजी गेले तेव्हा तू मला म्हणालीस, "ये इथे, वरची खोली रिकामी आहे, दोघी राहू." मी नाही म्हटलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, स्पष्ट सांगते. आपण दोघी एका स्वयंपाकघरात आठवड्याभरात एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण त्यावर तू म्हणालीस, "तुला कुणी नकोच असतं." आणि फोन ठेवलास. मग मीही नाही केला आणि तूही नाही केलास. तू बोललीस ते रागात, मला कळतं. पण ते वाक्य माझ्याबरोबर राहायला आलं. जेवताना समोर, झोपताना उशाशी. मला त्याचं उत्तर सुचत नव्हतं. कारण घरात बघावं तर खरंच कुणी नव्हतं.

आता गाडीला 'जरा लागलं' म्हणजे काय ते सांगते.

कामावरून घरी येत होते. नुकताच अंधार पडला होता, रस्त्यावर ओली पानं. ओढ्याच्या अलीकडे जे वळण आहे तिथे गाडी घसरली, उलटली आणि चरात जाऊन पडली. मी पट्ट्याला लटकलेली, खाली डोकं वर पाय. फोन कुठे उडाला कोण जाणे. आवाज काय तो गाडीच्या चाकाचा, फिरत राहिलं होतं एकटंच. किती वेळ लटकले ते माहीत नाही. भीती मरायची नाही वाटली. मला वाटलं, उद्या शिवणखात्यात मशीन रिकामं दिसेपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही. उद्या सुट्टी असती तर परवापर्यंत.

एका टेम्पोवाल्याने दिवे पाहिले आणि अग्निशमनवाल्यांना बोलावलं. ते आले, गाडी कापून-बिपून मला बाहेर काढलं, स्ट्रेचरवर घातलं. आणि मग त्यांच्यातला मोठा साहेब वाकून विचारायला लागला, "बाजूला कोण होतं?"

त्याचं असं आहे की मी पडद्यांच्या नमुन्यांची पिशवी रोज बाजूच्या सीटवर ठेवते. ती इतकी जड की गाडीला वाटतं माणूसच बसलंय, आणि पट्टा लावा म्हणून ती टुंईटुंई करत बसते. म्हणून मी पिशवीलाही पट्टा लावते. गाडी उलटली तेव्हा पिशवी निसटून काचेतून बाहेर गेली आणि पट्टा तसाच लागलेला राहिला. काच फुटलेली, पट्टा लावलेला, सीट रिकामी. त्यांनी काय समजायचं? बाजूचं माणूस बाहेर फेकलं गेलं.

"बाई, ऐकताय ना? बाजूला कोण होतं?"

आणि मी म्हटलं, "ताई."

डोक्याला मार लागला होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण तुला खरं सांगते. गाडी घसरली तेव्हा मी तुझ्याशीच बोलत होते. रोज बोलते. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडले की सुरू करते, ते घर येईपर्यंत. कुठल्या गिऱ्हाइकाने पडदे वीतभर आखूड झाले म्हणून कसा तमाशा केला, कोण कुणाशी भांडलं, सगळं. मोठ्याने. तुझी उत्तरंही मीच देते, तुझ्या आवाजात, आणि ती बरोबर असतात, कारण त्यात निम्म्या वेळा तू मला मूर्ख म्हणतेस. तीन वर्षं रोज, ताई. बाजूला कोण होतं विचारल्यावर मी दुसरं काय सांगणार होते?

ती माणसं बॅटऱ्या घेऊन शेतात शिरली. त्यांना तुझं नाव माहीत नव्हतं, मी फक्त ताई म्हटलं होतं. त्यामुळे ते तेच ओरडायला लागले. चरातून, झुडपांतून, पार ओढ्यापर्यंत. ती धिप्पाड माणसं, "ताई! ओ ताई! आवाज द्या, ताई!" मी आडवी पडून ऐकत होते. त्यांना थांबवायला हवं होतं. सांगायला हवं होतं की ती इथे नाही, ती तिच्या घरी खिडकीशी बसली आहे.  पण लाज वाटते सांगायला, मला थांबवावंसंच वाटेना. इतकी माणसं तुला शोधत होती. मी कान देऊन पडले होते, की आता तू कुठूनतरी बोलशील.

दुसऱ्या दिवशी तो साहेब हॉस्पिटलमध्ये आला. टोपी हातात, चेहरा पडलेला. म्हणाला, "बाई, खूप शोधलं. आमचा एक जण छातीभर पाण्यात उतरला. तुमच्या ताई सापडल्या नाहीत." मग मला सगळं सांगावं लागलं. पिशवी, पट्टा, बडबड. मला वाटलं आता हा माझी चांगलीच खरडपट्टी काढणार. काढली असती तर बरं झालं असतं. तो खाटेच्या कडेला बसला, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "पण त्या आहेत ना?"

मी म्हटलं, "आहे."

"मग ठीक," म्हणाला, आणि माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करून गेला.

तू म्हणालीस ना, मला कुणी नको असतं? हे त्याचं उत्तर. उशिरा सुचलं, पण सुचलं.

तर आता गाडीचं. मी तिकडे राहायला येणार नाही आणि तू इकडे येऊ नकोस, दोघींची घरं दोघींना लखलाभ. पण हाड जुळलं की एकाआड एक रविवारी मी तुझ्या दारात येईन. टप उघडं टाकू, तुझ्या मांडीवर पांघरूण घालू आणि निघू. कुठे, ते तू ठरव. कुठेही नको असेल तर नुसत्या फिरू. उलटी झालीच तर झाली, धुता येते सीट. गुळगुळीतने ती चहाच्या रंगाची गाडी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे, पण मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. तुझं 'हो' आलं तरच घेईन. 'नाही' आलं, किंवा काहीच आलं नाही, तर साधी बंद टपाची बारकी गाडी घेईन. एकटीला ती पुष्कळ झाली.

रागावलेली असलीस तर रागाने लिही. एका ओळीत लिही. नुसतं 'मूर्ख' लिहिलंस तरी मी त्याचा अर्थ 'हो' असा घेईन.

त्या रात्री त्यांनी घसा फुटेस्तोवर तुला हाका मारल्या. तू तिथे नव्हतीस, तुझा काय दोष. पण ही हाक माझी आहे आणि ती तुझ्या पत्त्यावर आली आहे.

ताई, ओ दे गं.

तुझी,
भुणभुण